मेढ्याला गेलेलं रुखवत

हॅलो? … हां, प्रीती, बोल. पोचलासा का मेढ्याला?

… कवा? … मग अर्धा तास काय करत होतासा? … चहा. कुणी मागितला, तू का ह्यांनी? … ह्यांनीच मागितला असणार. फौज सोडून अकरा वर्षं झाली, तरी चहा घेतल्याबिगर गडी मोहिमेवर निघत न्हाई.

बरं, आता कुठं हाईसा? … दारात? कुणाच्या दारात? … म्हंजे स्वप्नालीच्या सासरच्या दारात टेंपो उभा केलाय तुमी?

प्रीती, टेंपोवर काय लिवलंय ते वाच बरं मला. … अगं मोठ्यानं नको. … "विजय-प्रीती रुखवत, भाड्याने मिळेल." आणि त्याच्या खाली? … व्हय. "नवरीने स्वतः केल्यासारखे." ते नेऊन सासूच्या उंबऱ्यासमोर लावलंसा.

ह्यांना म्हणावं, वळवून लावा. … त्या बाजूलापण लिवलंय? … नुसता फोन नंबर. मग चालंल. नंबरच्या वर काय? … "शंभर टक्के गुप्तता." बरं. किती मोठ्या अक्षरात? … हातभर. मी चार दिवस लेकीकडं, शिवांजलीकडं काय गेले, ह्यांनी पेंटर गाठला. … मागच्या फाळक्यावरचं सांगूच नको मला. सीटच्या मागं ताडपत्री हाय, ती टाका वरनं, आणि टेंपो तिथनं हलवा आधी. मी फोन धरते.

…

हां. हलवला? … कुठं, देवळामागं? चालंल. कुणी बघितलं तर न्हाई? … एक म्हातारा. वाचत होता? … काय म्हणाला? … नातीचं वैशाखात हाय. नंबर दिलास? … दे की मग. आलेलं गिऱ्हाईक कशाला सोडायचं.

काय म्हणतीस? … आपला संच इथं आला कसा? अगं, ह्यांनी वाटेत सांगितलं न्हाई तुला? साडेतीन तास एका टेंपोत बसलासा की. … लडाखचं सांगितलं. … कराडापर्यंत लडाख. आणि कराडाच्या पुढं? … सियाचीन. लय गारठली असशील.

मग ऐक. काल तू बाहुबलीला दर्शनाला गेलतीस, म्हणून स्वप्नालीच्या लग्नाला सांगलीच्या हॉलवर मी ह्यांना धाडलं. आपली पद्धत ह्यांना पाठ हाय. अक्षता पडल्या की पाहुणे जेवायला पळतात, तेवढ्यात खोके भरायचे आणि मागच्या दारानं आपल्या टेंपोत घालायचे. नवरीबरोबर तिच्या आईनं आणलेली चार भांडी आणि एक तोरण जाणार, बाकी सगळं परत. … व्हय, ह्यांनी भरले की खोके. दोरी पण बांधली. तेवढ्यात नवरदेवाचा चुलता आला तिथं. तो निघाला सुभेदार मेजर. … रिटायर. पण मिशी अजून नोकरीत हाय. ह्यांच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "नाईक, सामान हमारी गाडी में चढाओ."

… न्हाई गं, ओळख कुठली. उभं राहण्यावरनं ओळखलं म्हणं, की गडी फौजेतला हाय आणि नाईकाच्या वर गेलेला न्हाई.

… मग काय? सलाम ठोकला. आणि अख्खा संच स्वतःच्या हातानं त्यांच्या गाडीत चढवला. हळकुंडांची बैलगाडी कुणी मांडीवर घेऊन बसायची, ते पण सांगून आले. घरी आल्यावर मला म्हणतायत, हुकूम होता. मी विचारलं, "आवं, सामान आपलं हाय एवढं तरी बोलायचं होतं त्याला." तर म्हणाले, गुप्तता.

म्हणून सांगते, ह्यांना टेंपोतनं उतरू देऊ नको. तो सुभेदार मेजर दिसला की ह्यांचा हात आपोआप वर जातोय. ह्या खेपेला टेंपो देऊन येतील.

… काय? … काय म्हणालीस? … बंद करूया?

अगं प्रीती, ऐक ना. … अगं ऐक तर. दोन वर्षांत कितव्यांदा म्हणालीस हे? बेदाण्याचा मोर झाला, तवापण हेच म्हणालीस. … तीन आठवडे बसून एकेक बेदाणा डिंकानं चिकटवला आपण दोघींनी. आणि हॉलमधली पोरं शेपटीकडनं सुरू झाली. मंगलाष्टकं संपायच्या आत नुसती चोच आणि पाय. व्हिडिओत बघून नवरीची आत्या विचारत होती, रुखवतात गिधाड कुणी ठेवलंय. … हसतीस काय, त्या दिवशी रडत होतीस.

मग आपण शिकलो की, खायचं काय ठेवायचं न्हाई. म्हणून प्लास्टरचे अनारसे केले. … व्हय, व्हय, त्यावर मिरजेच्या मामांची कवळी तुटली. तवापण तू म्हणालीस बंद करू. पण अनारसा तुटला का? ते बघून दुसऱ्या दिवशी चार घरचे फोन आले की माल टिकाऊ दिसतोय. मग आपण काचेची पेटी केली. तवापासनं कुणाच्या दाताला धक्का न्हाई.

आणि सुरुवात कशी झाली, ते तरी आठव. माझ्या शिवांजलीचं रुखवत आमी वर्षभर करत होतो. डोळ्याला चष्मा लागला माझ्या. मांडवात किती वेळ मांडलं? दोन तास. आता कुठं हाय? तिच्या सासरी माळ्यावर, उंदरांच्या ताब्यात. मी तवाच म्हणाले, मांडव भाड्यानं, खुर्च्या भाड्यानं, घोडा भाड्यानं, मग रुखवतानंच काय पाप केलंय.

… न्हाई, आजची गोष्ट वेगळी हाय, हे मलापण कळतंय. उद्या साडेबाराला कवठे महांकाळात कल्लाप्पा अण्णांच्या नातीच्या अक्षता. … दुसरा संच? तो मांडून बसले की मी समोर. देवळाला कळस न्हाई, सुपारीच्या नवरीला साडी न्हाई, आणि नवरदेवाला अजून मुंडकं बसलेलं न्हाई. असा नवरदेव अण्णांच्या मांडवात ठेवू? त्यांच्या अजून चार नाती लग्नाच्या हाईत. उद्या टेबल रिकामं राहिलं, तर आपला धंदा आपण बंद करायची गरजच न्हाई, कवठ्याची माणसं करतील.

आणि मागायचंपण न्हाई. स्वप्नालीच्या आईला मी शब्द दिलाय की सासरी कळणार न्हाई. पोरीचा आज सासरचा पहिला दिवस हाय. तिथं जाऊन, आमचं भाड्याचं सामान द्या, असं म्हणायचं? … तेच तर. परत आणायचंय, आणि मागायचं न्हाई.

म्हणून नीट ऐक. तू आता स्वप्नालीची मैत्रीण. … कॉलेजातली. … काय शिकली ती? मला काय ठाऊक. पोलीस भरतीला धावण्यात पहिली आलीय, एवढं ठाऊक हाय. सुई हातात धरली तर सुईला भ्या वाटतंय, असं तिची आईच म्हणत होती. … तर तू मैत्रीण. आज त्यांच्याकडं सत्यनारायण हाय, त्याच्यासाठी आलीस. आणि सांगायचं, की सांगलीत महिलांच्या कलेचं प्रदर्शन हाय, स्वप्नालीची कला तिथं ठेवायचीय, आजच न्यायला सांगितलंय. … कवा परत देणार म्हणून विचारलं तर? … प्रदर्शन कायमचं हाय म्हणून सांग. … न्हाई, नको, तसं नको. आधी विचारू तर देत. जा आता. पिशवीत नारळ हाय ना? तो हातात धर. हातात नारळ असला की माणसावर कोण संशय घेत न्हाई. आणि फोन चालू ठेव.

…

हॅलो? … प्रीती? … नुसतं भांड्यांचं वाजतंय. …

हां, बोल. हळू का बोलतीस? … परसात हाईस. बरं. काय दिसलं? … सगळं मांडलंय? पुढच्या सोप्यात? … देऊळ, बैलगाडी, अनारसे, सगळं? … आणि सासू, ती शालूबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवतीय. … चार वाजता गल्लीतल्या बायका तीर्थप्रसादाला येणार, त्यांनापण दाखवायचंय. … आणि स्वप्नाली? … भिंतीला पाठ लावून उभी. पोरीचा रंग उडाला असणार. … शेजारणीनं विचारलं, सुपारीला डोळे कशानं काढले? मग काय म्हणाली? … पेनानं. … बरोबर हाय की. पेनानंच काढलेत. त्यात घाबरायचं काय.

प्रदर्शनाचं काढलंस का? … काय म्हणाल्या? … आधी बैलगाडीकडं बघितलं? कसं बघितलं? … आणि मग? … फोनवर कोण हाय म्हणून विचारलं. आणि तू काय सांगितलंस? … प्रदर्शनाच्या बाई. अगं, कोणत्या बाई, मी? … न्हाई, देऊ नको. प्रीती, फोन देऊ नको. सांग रेंज न्हाई, सांग मी मीटिंगमध्ये… प्रीती…

…

नमस्कार. हो, मीच बोलते आहे. महिला कला प्रदर्शन समिती, सांगली. … अध्यक्षा. … हो, आपल्या सूनबाईंच्या कलेविषयी आम्ही खूप ऐकून आहोत. … कुणाकडून? … सर्वांकडून. … अशी मुलगी सून म्हणून मिळणं, खरोखर… हो. … हो. … परीक्षक आज संध्याकाळीच येणार आहेत, त्यामुळे वस्तू जरा लवकर…

… काय म्हणालात? … पालथं करून बघितलं? काय पालथं केलंत? … बैलगाडी. … खाली लिहिलंय? … नाही, मला कल्पना नाही. काय लिहिलंय? …

"संच एक. नग चौदा. वापरानंतर परत जमा करणे."

… देवळाखालीपण? … "नग तीन." … नाही हो. मी नाही लिहिलं. आमच्या मिस्टरांनी लिहिलं असणार. … तांबड्या रंगात, हो. फौजेत स्टोअरला होते. … नाईक.

…

हॅलो? हाईसा का?

आवं शालूबाई, आता समिती बिमिती ऱ्हाऊ द्या. मी विजयमाला. सामान माझं हाय, भाड्याचं हाय, आणि जी काय चूक हाय ती पण माझी. पोरीला काय बोलू नका. तिला त्यातलं काय विचारलंच नव्हतं कुणी. तिची आई माझ्याकडं आली, म्हणाली, मेढ्याची माणसं मानाची हाईत, टेबल रिकामं दिसायला नको. पोरगी सुटीच्या दिवशी पण पहाटे उठून धावायला जाती, ती सुपाऱ्या कवा रंगवणार. … व्हय. … व्हय, खोटंच की. पण ते मी विकलेलं खोटं हाय, तिचं न्हाई. शिव्या द्यायच्या तर मला द्या, मी खुर्ची घेऊन बसलीय.

… काय? … काल संध्याकाळीच बघितलंसा? … आणि काय बोलला न्हाईसा? कुणालाच? … तुमच्या सुभेदार मेजर भाऊजींना पण न्हाई? … बरं केलंसा, त्यांनी चौकशी बसवली असती.

पण मग आज सगळं मांडलं कशाला? … … काय? … जरा मोठ्यानं बोला, मागं कोणतरी भांडी आपटतंय. … घाबरला होता? तुमी? कुणाला? … सुनंला?

…

थांबा, मला नीट समजू द्या. काल खोके उतरले. तुमी एकेक वस्तू बाहेर काढायला लागलासा. … आणि जेवायचं ताट बाजूला सारलंसा. … एवढं सगळं हातानं करणारी पोरगी घरात आली, आता हिच्यापुढं आपण भाकरी कशी थापायची. … कडंला जाड होतीय. … तीस वर्षं जाड होतीय. … तुमच्या सासूबाई शेवटपर्यंत बोलत होत्या. … लेकाला, जयराजला अंगडं-टोपडं पण विकतचं. … आणि आता सून अशी. म्हंजे सासू गेली, आणि सुनंचं ऐकायची पाळी आली.

… मग बैलगाडी जरा वाकडी झाली म्हणून सरळ करायला उचललीसा. … आणि खाली नंबर. …

… झोप लागली? … लगेच? … आधी जेवला. काय जेवला? … सगळंच. … हसू नका, मलापण हसू येतंय. आमच्या ह्यांच्या तांबड्या रंगानं कुणाची भूक परत आणली, असं पहिल्यांदाच झालंय.

मग आता कसं करायचं? … व्हय, उद्याच हाय कवठे महांकाळात. … चारला बायका येऊन गेल्या की. … पाचला भरलं तरी चालतंय, नऊपर्यंत सांगलीत येतील. … भाऊजींचं? … तुमी सांगणार, म्हंजे झालं. … प्रदर्शन खरंच हाय म्हणून सांगणार? सांगा, सांगा. त्यांचं आमी ऐकलं, आता त्यांनी तुमचं ऐकावं.

… आणि काय? … आणखी एक अट. … स्वप्नालीला कळू द्यायचं न्हाई, की तुमाला कळलंय. … व्हय. … व्हय, मलापण तेच वाटतंय, पोरीला आल्याआल्या खाली बघायला नको. … शब्द दिला. माझा धंदाच तो हाय. … खंडाळ्याला? तुमच्या भाचीचं? … मे महिन्यात. … त्याचं नंतर बोलूया की निवांत. … द्या तिला फोन. न्हाई, काय बोलत न्हाई मी तिला. … बरं हाय. या एकदा सांगलीला.

…

प्रीती? … मिटलं. … पाचला खोके भरायचे, त्या स्वतः देणार हाईत. … कसं मिटलं? मिटलं म्हंजे मिटलं. … व्हय, प्रदर्शनाला देतायत. … अगं खरंच. … तुझ्यापासनं मी काय लपवतीय? … लपवतीय तर लपवतीय. आपल्या टेंपोवर काय लिवलंय?

तू आता गप बस तिथं, शिरा खा, आणि बायका आल्या की कुणाला बैलगाडी उचलू देऊ नको. … का म्हणून विचारू नको.

… कोण? … कोण आलं? … स्वप्नाली? दे तिला.

हां, बोल बाळ. … अगं रडतीस का? … कुणी बोललं का तुला? … न्हाई, मग? … सासूबाईंनी सकाळी तव्यावरची पहिली भाकरी तुझ्या ताटात घातली. … आणि म्हणाल्या, कडंला जाड हाय, चालवून घे. … तुला वाटलं, ही बाई स्वतःच्या भाकरीचं जाडपण सांगून मोकळी झाली, आणि आपण सुपाऱ्यांच्या मागं लपून बसलोय.

…

मग आता काय करायचं म्हणतीस? … सांगून टाकू?

…

हाय, हाय, मी हाय फोनवर. जरा विचार करतीय. … न्हाई, मी सांगू नको म्हणत न्हाई. सांग पण म्हणत न्हाई. मला बोलायची चोरी हाय, बाळ. … कुणाला शब्द दिलाय म्हंजे? तुझ्या आईला दिलाय. … व्हय, तिलाच.

पण एक ऐक. गुप्तता आमी पाळायची असती, तू न्हाई. तू गिऱ्हाईक. तुझं गुपित तुला कवापण मोडता येतंय, त्याचं वेगळं भाडं पडत न्हाई. … हाकलून देतील? एवढं आठशे मीटर धावतीस आणि स्वैपाकघरापर्यंत जायला घाबरतीस? … चुलतसासऱ्यांच्या समोर नको. बायका यायच्या आत जा. एकटी जा. … काय बोलायचं ते मी कशाला सांगू? एवढंपण भाड्यानं नेणार हाईस का? … जा. फोन प्रीतीकडं दे.

…

प्रीती, गेली का? … दार लावलं? … कुणी, सासूनं का सुनंनं? … काय व्हायलंय ते तुला नंतर सांगते. आवाज येतोय का? … काहीच न्हाई? … किती वेळ झाला? … जरा पुढं हो. … आणखी जरा. … आता? … कोण रडतंय? … मग दुसरी काय करतीय? … हसतीय? नीट ऐक, हसतीयच ना? … आता दोघीपण?

… बरं. बस झालं. दारापासनं लांब हो. … मलापण ऐकायचंय गं, पण लांब हो. आपण सामानासाठी आलो, ते मिळालं. पुढचं त्यांच्या घरातलं हाय. माणसानं कुठं थांबायचं ते कळायला पाहिजे. … व्हय. तूपण ठेव, मीपण ठेवते. … तू आधी ठेव. … बरं, मग एकदम ठेवूया.

…

प्रीती? … आता काय म्हणतायत? …

हॅलो? … हॅलो? … ठेवला की हिनं खरंच.